मूल हट्ट करतंय की काही सांगतंय?

गिरगावातल्या खोताच्या वाडीत घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. लाकडी जिने, समोरासमोर व्हरांडे आणि मधून चिंचोळी गल्ली. एका घरातलं रडणं चार घरांत ऐकू जातं. अशा वस्तीत स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेलं मूल किंचाळू लागलं, डोकं आपटू लागलं, की कुणीतरी म्हणतंच, "आईनं फार लाडावून ठेवलंय."

समजा, आठ वर्षांचा एक मुलगा आहे. त्याला बोलता येत नाही. शेजारच्या केशवजी नाईक चाळीत 1893 पासून सार्वजनिक गणपती बसतो. भाद्रपदात सारं गिरगाव ढोल-ताशांनी दणाणतं. आपल्याला त्या आवाजानं स्फुरण चढतं, त्याला तो सोसत नाही. तो कानांवर हात दाबतो, मग स्वतःचं मनगट कडकडून चावतो. आई घाबरून त्याला मागच्या खोलीत नेते आणि तो निवतो. मनगट चावलं की सुटका होते, एवढं त्याला नेमकं कळलेलं असतं. पुढच्या वेळी तो तेच करणार.

म्हणून एक वही ठेवा. प्रत्येक प्रसंगाच्या तीन गोष्टी टिपा: आधी काय घडलं, मुलानं काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. आठ-पंधरा दिवसांत कारण दिसू लागतं. कधी गोंगाट नकोसा असतो, कधी अभ्यास टाळायचा असतो, कधी कुणी जवळ यावं असं वाटत असतं. वागणं अचानक बिघडलं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. दाढ दुखतेय, कान ठणकतोय, पोट साफ होत नाही, हे न बोलणारं मूल सांगणार कसं?

कारण कळलं की तेच साधण्याचा दुसरा मार्ग शिकवा. "बाहेर जायचंय" असं चित्र असलेलं कार्ड हातात द्या आणि त्यानं ते दाखवताच लगेच बाहेर न्या. मिरवणूक येणार हे आधी चित्रांतून सांगा, कानांवर आवाज अडवणारे हेडफोन लावा. मूल बेभान झालं असताना उपदेश करू नका. गर्दी हटवा, कमी बोला, त्याला इजा होणार नाही एवढं पाहा. मारल्यानं भीती बसते, मागणी तशीच राहते. आणि आई, बाबा, आजी यांनी एकाच रीतीनं वागायला हवं.

या वाटेवर पालक एकटे नाहीत. शिवडीची जय वकील शाळा 1944 पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करते आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारच्या अक्षमता आहेत आणि स्वमग्नता त्यांत आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत अशा मुलांना एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो.

शेजाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. असं मूल ओरडताना दिसलं तर त्याच्याकडे टक लावून पाहू नका, आईला दोष देऊ नका. "वहिनी, मी काय करू?" एवढंच विचारा. आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, त्या घरापुढून जाताना दोन मिनिटं ढोल थांबवा.