गाडीतळावरचा ऊस
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून नोकरी केली. पण या कामाची सुरुवात आपल्या नववीच्या वर्गात झाली, म्हणून तेवढंच सांगतो.

त्या वर्षी आमची उसाची गाडी कारखान्याच्या गाडीतळावर तीन दिवस उभी होती. वडिलांची भाकरी घेऊन गेलो आणि उसाच्या तोडलेल्या टोकाला हात लागला, तर बुळबुळीत! दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं, "ऊस वाळत असतो, मग चिकट कसा होतो?" सर म्हणाले, "मला माहीत नाही. तू शोध आणि मला सांग." सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. उत्तराला फार उशीर झाला, माफ करा सर.

तो चिकटा ल्युकोनोस्टॉक नावाच्या जिवाणूचा. हा मातीतून उसावर येतो आणि तोडलेल्या टोकातून आत शिरतो. साखरेचा रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. जिवाणूने सोडलेलं विकर, म्हणजे एन्झाइम, ती जोडी फोडतं, फ्रुक्टोज मोकळं सोडतं आणि ग्लुकोजला ग्लुकोज जोडत लांबच लांब साखळी बनवतं. तिचं नाव डेक्स्ट्रान. स्टार्चही ग्लुकोजचाच, पण त्यात एका ग्लुकोजचा पहिला कार्बन पुढच्याच्या चौथ्या कार्बनला जोडलेला असतो, डेक्स्ट्रानमध्ये बहुतेक ठिकाणी सहाव्याला. त्यामुळे ही साखळी जास्त लवचीक असते आणि पाणी धरून ठेवते. जिवाणूसाठी ते पांघरूणच. त्याखाली तो लवकर वाळत नाही.

कारखान्याला मात्र हे पांघरूण महाग पडतं. रस दाट होतो, गाळायला वेळ लागतो, दाणा लांबट होतो, जास्त साखर मळीत जाते. शिवाय डेक्स्ट्रान प्रकाशाचं प्रतल साखरेच्या जवळजवळ तिप्पट वळवतो. त्यामुळे पोल मोजताना नसलेली साखर दिसते. नवीन असताना मी असा आकडा खुशीत लिहून दिला होता. पोत्यांचा हिशोब लागेना, तेव्हा बोलणी खाल्ली!

हाच डेक्स्ट्रान शुद्ध करून, ४० किंवा ७० हजार रेणुभाराचे तुकडे करून, रक्तस्राव झालेल्या रुग्णाला शिरेतून देण्यासाठी वापरला गेला. तिथेही गुण तोच, पाणी धरून ठेवण्याचा. आपल्यातल्या डॉक्टरांना हे ठाऊक असेल.

आता मुद्द्याचं. एकदा साखळीत गेलेली साखर कारखान्याला परत मिळत नाही. उतारा घटतो, आणि उसाची एफआरपी उताऱ्याशी बांधलेली आहे. म्हणजे एकाच्या शिळ्या उसाचा तोटा सगळ्यांच्या दरात येतो. जळालेला ऊस तर आणखी लवकर बिघडतो. आपल्यापैकी कोणी संचालक आहे, कोणी वाहतूकदार, बरेचजण शेतकरी. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडेल, एवढं आपण मिळून पाहू या.

वडील त्या तीन दिवसांत काट्यावर किती वजन घटलं एवढंच मोजत होते. आतली साखर कोण खातंय, हे त्यांना सांगणारं तिथे कोणी नव्हतं.