नक्षीची जुनी पुस्तकं



'तुझ्या छंदाबद्दल बोल' असं सांगितलं गेलं, तेव्हा मागच्या बाकावरच्यांना वाटलं असेल, ही आता कॉम्प्युटरवर लेक्चर देणार. घाबरू नका. मी नक्षी काढायला आणि लाकडावर कोरीवकाम करायला शिकवणारी, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची पुस्तकं जमवते. घरी तिला 'आईची रद्दी' म्हणतात.

सुरुवात चुकीनेच झाली. ओवेन जोन्सच्या 'ग्रामर ऑफ ऑर्नामेंट'मधलं भारतीय नक्षीचं एक पान मी फ्रेमसकट विकत घेतलं. मूळ पुस्तक १८५६ चं, १०० रंगीत चित्रपानांचं. नंतर कळलं, की अशी सुटी पानं विकण्यासाठी अख्खी पुस्तकं फोडतात. चित्रं भिंतीवर जातात, मजकुराला गिऱ्हाईक नसतं. ते पान अजून आमच्या हॉलमध्ये आहे. पाहुणे कौतुक करतात, मी विषय बदलते. तेव्हापासून पुठ्ठा निखळला असला तरी चालेल, पण पुस्तक पूर्ण हवं.

कारण शिकवणं मजकुरात असतं. जॉर्ज जॅकच्या १९०३ च्या पुस्तकात हत्यारं कुठली घ्यावीत, त्यांना धार कशी लावावी, लाकडाच्या रेषा कशा ओळखाव्यात, हे सगळं आहे. हा माणूस विल्यम मॉरिसच्या कंपनीसाठी फर्निचरची डिझाइन करायचा. फ्रान्झ मेयरच्या १८८८ च्या ग्रंथात ३०० चित्रपानं, आणि सुरुवात भूमितीपासून. पानं-फुलं नंतर.

माझ्याकडच्या मेयरच्या प्रतीत कुणा विद्यार्थ्याने समासात ॲकँथसचं पान पेन्सिलीने काढलंय. डावी बाजू झकास, उजवी फसलेली, खोडून खोडून कागद विरलेला. विक्रेता म्हणाला, 'मॅडम, साफ करून देतो.' मी म्हटलं, हात लावू नका.

एलिमेंटरीच्या संकल्पचित्रात माझीही उजवी बाजूच फसायची. सरांनी ट्रेसिंग पेपर उलटा घासून ती छापायला शिकवलं होतं. नववीत मी इंटरमिजिएटचा फॉर्म भरला नाही. सर घरी विचारायला आले, तर मी म्हणाले, 'पुढे काय उपयोग?' सरांनी चहा घेतला आणि गेले.

सर, तुम्ही पहिल्या रांगेत आहात. पुस्तक मी पिशवीतून आणलंय. जेवणाआधी जरा बघाल का, त्या पोराचं नेमकं कुठे चुकलं?