संगणकाचा बसलेला गळा



माझ्या आयुष्याचीं छत्तीस वर्षें वर्गांत उभें राहून बोलण्यांत गेलीं. मागच्या बाकावरील मुलापर्यंत शब्द पोंचतो कीं नाहीं, ही चिंता मास्तराच्या अंगवळणीं पडलेली असते, आणि सेवेंतून मोकळा झाल्यावरही ती सुटत नाहीं. आज मात्र मी ज्या आवाजाविषयीं बोलणार आहें तो माझा नव्हे. आमच्या नांदेडच्या घरांत मेजावर एक संगणक आहे, त्याच्या दोन बाजूंना दोन लहान स्पीकर आहेत, त्यांचा हा आवाज. मी जुन्या अकरावीच्या मॅट्रिकचा मनुष्य; विद्युत्शास्त्र माझ्या वाट्याला आलें नाहीं. तेव्हां जें सांगेन तें कानानें पडताळलेलें आहे, एवढेंच समजावें.

आमचा संगणक दहा वर्षांचा. त्यावरील विंडोज १० या व्यवस्थेची देखभाल तिच्या निर्मात्यांनीं १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली, आणि पुढची व्यवस्था आमच्या जुन्या यंत्राला मानवेना. वजिराबादेंतील एका दुकानदारानें तें मोडींत काढण्याचा सल्ला दिला. माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला होता, तो म्हणाला, "गुरुजी, मोडींत कशाला? लिनक्स घालूं." लिनस टोर्व्हाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं ज्याचा गाभा रचला आणि पुढें जगभरच्या हातांनीं जें वाढविलें, तें हें लिनक्स. त्याचा मिंट नांवाचा एक अवतार त्यानें एका दुपारींत बसवून दिला. पैसा एक लागला नाहीं, आणि यंत्र नव्या बैलासारखें चालूं लागलें.

चालूं लागलें खरें, पण त्याचा गळा बसला. बातम्या लावल्या तर आमची मंडळी स्वयंपाकघरांतून विचारती झाली, "अहो, ही बाई बोलते आहे कीं रांजणांत तोंड घालून कुजबुजते आहे?" मीं आवाज वाढविला. कुजबूज मोठी झाली. शब्द होते तेथेंच राहिले. विद्यार्थ्याला विचारतां त्यानें सांगितलें कीं, पुष्कळ यंत्रांत निर्माते आवाज सजविणारी एक योजना जुन्या व्यवस्थेबरोबर गुपचूप देत असतात. लिनक्समध्यें ती येत नाहीं. इतकीं वर्षें आपण जो ऐकत होतों तो नटविलेला आवाज. आतां स्पीकरचा खरा चेहरा दिसूं लागला. दुकानदाराला अर्थातच नवे स्पीकर विकावयाचे होते.

आधीं एक फुकटचा उपाय सांगतों, कारण पुष्कळांचें काम तेवढ्यावरच भागेल. आमचे स्पीकर मेजाच्या कडेला, भिंतीला पाठ टेकून, त्यांतला एक तर कोपऱ्यांत. भिंत आणि कोपरा हे खालच्या स्वरांना फुगवितात. विहिरींत हांक मारली म्हणजे जसा घुमारा येतो, त्यांतलाच हा प्रकार. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढें ओढले, खालीं दोन जुन्या वह्या घालून तोंडें किंचित् वर, कानाच्या दिशेला केलीं. मेजाच्या कांचेवरून आवाज उसळत होता, तेथें जुनी सतरंजी टाकली. घरांत थोडा वाद झाला, परंतु निम्मा रोग गेला. उरलेल्यासाठीं इक्वलायझर.

या शब्दाचा उगम टेलिफोनच्या तारांवर आहे. लांबच्या तारेवरून जातांना आवाजांतील उंच स्वर वाटेंतच झिजत, खालचे तेवढे पोंचत. तेव्हां झिजलेले आणि न झिजलेले स्वर पुन्हां एका पातळीवर आणणारी योजना टोकाला बसवीत. सारखें करणारा, म्हणून इक्वलायझर. डेसिबल हें मापही त्याच मंडळींचें. त्यांत टेलिफोनच्या ग्रॅहॅम बेलचें नांव दडलेलें आहे. जुन्या रेडिओला 'टोन' म्हणून एक गोल खुंटी असे. ती पिळली कीं सगळाच आवाज एकदम गडद तरी होई, नाहीं तर उजळ. इक्वलायझरमध्यें अशा खुंट्या पुष्कळ, आणि प्रत्येक खुंटीचा अंमल आवाजाच्या एकेका तुकड्यापुरता.

पडद्यावर आंकड्यांची ती रांग प्रथम पाहिली तेव्हां मला कांहीं उमगेना. मग शार्ङ्गदेव आठवला. देवगिरीच्या यादवांच्या पदरीं, सिंघण राजाच्या काळीं, तेराव्या शतकांत त्यानें 'संगीतरत्नाकर' लिहिला. म्हणजे आपल्या मराठवाड्याचाच माणूस. मंद्राचें स्थान हृदय, मध्याचें कंठ, ताराचें मूर्धा, असें तो सांगतो. मीं तेच तीन ठाव या आंकड्यांवर बसविले. आंकडा म्हणजे दर सेकंदाचीं कंपनें, ज्यांना हर्ट्झ म्हणतात. पुरुष गवई काळी एकमध्यें गातो तेव्हां त्याचा षड्ज सुमारें १३८ कंपनांचा असतो. अडीचशेच्या खालचा प्रदेश हृदयाचा. घुमारा, खर्ज, डग्ग्याची गमक तेथें. अडीचशेपासून दोन हजारांपर्यंत कंठ. आपले अ, आ, ओ हे स्वर तेथें नांदतात. दोन हजारांच्या वर मूर्धा. त, क, च, आणि सर्वांत वर स, श यांचा सीत्कार. शार्ङ्गदेवाच्या मनांत गळ्याचीं तीन सप्तकें होतीं, व्यंजनें नव्हतीं. ही ओढाताण माझी आहे, पंडितांनीं क्षमा करावी. पण तिनें मला एक गोष्ट कळली: शब्दाचा ध्वनि स्वरांत असतो, पण ओळख व्यंजनांत असते. आमच्या स्पीकरचें हृदय इतकें भरून आलें होतें कीं मूर्धेचें कांहीं ऐकूंच येईना.

लिनक्समध्यें या कामासाठीं ईझीइफेक्ट्स नांवाचा प्रोग्राम आहे. २०२१ पर्यंत त्याचें नांव पल्सइफेक्ट्स होतें. विम टायमन्स यानें घडविलेल्या पाइपवायर या ध्वनिव्यवस्थेवर तो चालतो; मिंटच्या बाविसाव्या आवृत्तीपासून ती मुळांतच असते. प्रोग्राम मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्यें नांवानें शोधावा, बसवावा, आणि उघडल्यावर बाहेर जाणाऱ्या आवाजाच्या बाजूला इक्वलायझर जोडावा. बत्तीसपर्यंत पट्टे मिळतात. मला पांच पुरले. बत्तीस खुंट्या हातीं आल्या म्हणजे माणूस बत्तीसही पिळतो.

माझी पहिली चूक ऐका. मला वाटलें, तंबोरा भरदार हवा. म्हणून साठ हर्ट्झचा पट्टा दहा डेसिबल वर चढविला. तीन इंची स्पीकर तो! क्षणभर थरथरला आणि फुटक्या घागरीसारखा वाजूं लागला. तीन डेसिबल वाढविले कीं दुप्पट शक्ति लागते, दहा वाढविले कीं दसपट, हा हिशेब मला नंतर कळला. जो स्वर त्या लहानशा पडद्याला काढतांच येत नाहीं, तो मागून कसा मिळेल? ज्या मुलाला वेलांटी जमत नाहीं त्याला छडी दाखवून जोडाक्षर येत नाहीं, हें मला तरी ठाऊक असावयास हवें होतें.

दुसऱ्या दिवसापासून मीं वाढविण्याचा नाद सोडला आणि काढण्यास लागलों. दोषाची जागा शोधण्याची एक युक्ति आहे. आवाज हळू ठेवून एकच पट्टा अरुंद करावा, सहा डेसिबल वर न्यावा, आणि ऐंशीपासून तीनशेपर्यंत सावकाश सरकवीत न्यावा. जेथें मेज आणि भिंत मिळून हुंकार देतील तेथें थांबावें. चोर तेथेंच आहे. मग तोच पट्टा वर न ठेवतां खालीं उतरवावा. आमच्या घरचा चोर १६० वर सांपडला. त्याला पांच डेसिबल उतरविलें. नव्वदच्या खालचें सर्व काढून टाकलें, कारण तें स्पीकरला झेपतच नव्हतें. चारशेवर दोन डेसिबल कमी केले, तेव्हां रांजणाचा आवाज गेला. तीन हजारांवर मात्र दोन डेसिबल वाढविले, आणि जितकें वाढविलें तितकें इक्वलायझरच्या तोंडाशीं एकंदर आवाजांतून वजा केलें. तसें न केल्यास मोठ्या स्वराचा माथा कापला जाऊन चरचर येते. हे आंकडे तुमच्या घरीं लागू पडतील असें नाहीं. तुमची भिंत वेगळी, मेज वेगळें.

पारखण्यास परिचित माणसाचा आवाज घ्यावा, नवें गाणें घेऊं नये. मुंबईच्या आय.आय.टी.नें 'स्पोकन ट्युटोरियल' म्हणून जे बोलके पाठ काढले आहेत, त्यांत लिनक्सवरील पाठ मराठींतही आहेत. मीं तेच लावून बसत असें, म्हणजे विद्या आणि परीक्षा दोन्ही होत. एक सावधगिरी मात्र हवी. मोठा आवाज कानाला नेहमीं चांगला वाटतो. इक्वलायझर चालू आणि बंद करून तुलना करावी, पण दोन्ही वेळां आवाज सारखाच मोठा ठेवावा. आणि रात्रीं केलेला बदल सकाळीं पुन्हां ऐकावा. कान लवकर सरावतो आणि वाईटालाही चांगलें म्हणूं लागतो. जमलेली मांडणी नांव देऊन जपून ठेवतां येते, व ती त्या स्पीकरशींच बांधतां येते, म्हणजे हेडफोन लावल्यावर उगाच लागू होत नाहीं. संगणक सुरू होतांच प्रोग्रामनें जागें व्हावें ही खूणही करून ठेवावी. मीं ती केली नव्हती, आणि चार दिवस 'गुण आला, गुण गेला' म्हणून विद्यार्थ्याला छळलें.

आतां ज्यासाठीं एवढा खटाटोप पुढें चालला, तें सांगतों.

१९८४ सालीं माझ्या थोरल्या बंधूंनीं एक टेपरेकॉर्डर घरीं आणला होता. गांवांत पिठाची गिरणी होती, पण आई डाळ मात्र जात्यावरच भरडी. एका पहांटे बंधूंनीं तें यंत्र जात्याशेजारीं ठेवलें आणि तिच्या ओव्या उतरवून घेतल्या. आई जाऊन आतां तेवीस वर्षें झालीं. ती फीत पुतण्यानें संगणकावर चढवून दिली आहे. तींत जात्याची घरघर इतकी कीं आईचा आवाज पिठांत माखल्यासारखा येतो. त्यांत एका ओवींत एक शब्द येतो. मीं तो सदैव 'वनवास' असाच ऐकला. सासरच्या घराला वनवास म्हणणें बायकांच्या गाण्यांत नवें नाहीं, आणि आमच्या घरचे दिवस मला आठवत होते. म्हणून तो शब्द आला कीं मी फीत थांबवीत असें. आमची मंडळी मात्र म्हणे, "अहो, तें वनवास नव्हे, वसमत आहे." वसमत हें आईच्या माहेराजवळचें गांव. मी म्हणें, तुला काय ठाऊक, तूं त्या वेळीं घरांत तरी होतीस काय?

या फितीसाठीं मीं वेगळी मांडणी केली. दीडशेच्या खालचें काढून टाकलें. अडीचशेच्या आसपास जात्याची घरघर दाट होती, तेथें आठ डेसिबल उतरविले. पांच हजारांवर तीन वाढविले. आठ हजारांच्या वर फितीची खरखर होती, ती छाटली. आणि ती ओवी लावली. 'वनवास' असेल तर स चा सीत्कार शब्दाच्या शेवटीं यावयास हवा. 'वसमत' असेल तर सुरुवातीलाच. तो सुरुवातीला आला. पुन्हां लावलें. पुन्हां तेथेंच. शेवटीं त चा बारीक ठोकाही कानीं पडला. मी स्वयंपाकघराच्या दाराशीं जाऊन एवढेंच म्हणालों, "वसमत आहे." ती म्हणाली, "बेचाळीस वर्षें झालीं सांगते आहे."

इक्वलायझरला सगळें मात्र साधलें नाहीं. त्या काळच्या स्वस्त यंत्रांत आवाज आपोआप वरखालीं करणारी योजना असे. जात्याचा फेरा जोरांत आला कीं ती सगळ्यालाच दाबी, आणि आईचा आवाजही त्याबरोबर बुडे. जें फितींत उतरलेंच दबून, तें खुंटी पिळून वर येत नाहीं. तीन ओव्या अजून मला लागलेल्या नाहींत.

आणखी एक झालें. शब्द स्वच्छ करण्याच्या नादांत मीं घरघर जवळजवळ नाहींशी केली. मंडळीनें ऐकलें आणि म्हणाली, "शब्द कळतात, पण या उभ्यानें गातात असें वाटतें." खरेंच, आई कधीं उभ्यानें गायिली नव्हती, एक पाय पसरून, खुंट्याला हात घालून गाई. म्हणून शब्द जुळवावयाचे असतील तेव्हांची मांडणी निराळी ठेवली आहे. रोजच्या ऐकण्यासाठीं 'जातें' या नांवाची दुसरी आहे. तींत अडीचशेवर तीनच डेसिबल उतरविले आहेत.