वीज चमकली की मोजा

झाशीच्या आसपास आषाढात उडीद-भुईमुगाची पेरणी आणि विजांचा धोका एकदमच येतात. पाऊस आला की माणसं झाडाखाली धावतात, आणि तिथेच दगावतात. म्हणून घरात एक हुकूम पाठ करून घ्या. वीज चमकली की सेकंद मोजा. 30 व्हायच्या आत गडगडाट आला, तर वीज साधारण 10 किलोमीटरच्या आत आहे. काम सोडा, पक्क्या घरात या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ अ‍ॅप फोनवर घ्या. अंगावर वीज पडलेल्या माणसाला हात लावायला भिऊ नका. त्याच्या अंगात वीज उरत नाही. श्वास थांबला असेल तर 108 ला फोन लावा आणि छाती दाबत राहा. मदत येईपर्यंत त्याचा जीव तुमच्याच हातात असतो.