चाळणे आणि वाचणे

(हिंजवडी येथील एका गृहसंकुलातील वाचकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आठवडाभर वाहतुकीच्या कोंडीत अडकून घरी परतणारी आपण मंडळी रविवारची सकाळ पुस्तकांसाठी राखून ठेवता, याचे मला कौतुक वाटते. संयोजकांनी मला विषय दिला नाही, एक प्रश्न दिला. कंटाळवाणे पुस्तक शेवटपर्यंत वाचावे की चाळून बाजूला ठेवावे? प्रश्न साधा दिसतो. पण पत्रकारितेत उभी हयात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला तो आरशासमोर उभा करतो.

आपल्या भाषेने या क्रियेला किती नेमका शब्द दिला आहे पाहा. आपण पुस्तक ‘चाळतो’. चाळणे आणि चाळण हे एकाच कुळातील शब्द. घरातील गृहिणी पीठ चाळते, तेव्हा कोंडा कोणता आणि पीठ कोणते हे तिला ठाऊक असते. म्हणजे चाळणे ही आळशाची क्रिया नव्हे; ती जाणत्याची क्रिया आहे. ज्याला पारख नाही, त्याने चाळण हाती घेतली तर पीठ जमिनीवर सांडेल आणि कोंडा तेवढा पदरात राहील.

या जाणत्या चाळण्याचे थोर उदाहरण येथून फार दूर नाही. कामशेतला वास्तव्य केलेल्या रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी 1930च्या दशकाच्या प्रारंभी पेशवे दफ्तरातील निवडक कागदपत्रांचे 45 खंड संपादित केले. दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून पडलेले होते आणि त्यांत मोठा भरणा हिशेबांचा. प्रत्येक चिठोरे अक्षरशः वाचत बसते तर ते काम एका आयुष्यात झाले नसते. रियासतकारांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दफ्तर चाळले. मात्र त्या चाळण्यामागे कित्येक दशकांचा इतिहासाभ्यास उभा होता. कोणत्या कागदावर थांबायचे, हे त्या अभ्यासाने त्यांना शिकविले होते.

आता माझी गोष्ट सांगतो. महाविद्यालयात असताना आजोबांच्या कपाटातून मी ‘गीतारहस्य’ काढले. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि 1915 साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ. मराठी मध्यमवर्गीय घरांत तो आदराने ठेवला जाई. पुष्कळदा ठेवलाच जाई. मीही त्याच परंपरेचा पाईक निघालो. चौथ्या प्रकरणात, ‘आधिभौतिक सुखवादा’त, अडकलो. गीतेवरच्या ग्रंथात या पाश्चात्त्य पंडितांचे काय काम, असे मनात आले. पुस्तक मिटले. मात्र अपुरे टाकल्याची टोचणी इतकी होती की, ते संपेपर्यंत दुसरे गंभीर पुस्तक हाती घ्यायचे नाही असे मी ठरविले. परिणामी दोन वर्षे मी गंभीर असे काहीच वाचले नाही! पारायणाचा नियम पोथीला शोभतो. तो सरसकट सर्व पुस्तकांना लावला, तर वाचनच बंद पडते. म्हणून तरुण मित्रांना माझे सांगणे आहे की, पुस्तक अर्धवट सोडणे हे पाप नव्हे. आज नाही जमले, तर खूण घालून ठेवा. काही पुस्तके वाचकाचे वय वाढण्याची वाट पाहत असतात.

दुसरा अनुभव अधिक बोचरा आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वी माझ्याकडे पुस्तक परिचयाचे सदर होते. एका निवृत्त शिक्षकांनी पदरमोड करून छापलेले, गावच्या शाळेचा इतिहास सांगणारे पुस्तक आले. आरंभीची पन्नास पाने मुख्याध्यापकांची नावे, इमारत निधीच्या देणग्या, तपासणीचे शेरे. मी उरलेली पाने भराभर उलटली आणि ‘शाळेचा तपशीलवार, काहीसा रुक्ष इतिहास’ असा आठ ओळींचा परिचय लिहून मोकळा झालो.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आले. मजकूर अत्यंत विनयाचा होता. दखल घेतल्याबद्दल आभार. मात्र ज्यासाठी पुस्तक लिहिले ते शेवटचे प्रकरण जागेअभावी आपणास उल्लेखिता आले नसावे. जागेअभावी! मी पुस्तक पुन्हा काढले. शेवटच्या प्रकरणात 1972च्या दुष्काळाची हकीकत होती. खडी फोडायला आईबापांबरोबर गेलेली मुले, सुकडीसाठी लागलेल्या रांगा, तांबड्या मिलोच्या भाकरी आणि त्या वर्षी शाळेतून गळालेल्या प्रत्येक मुलाचे नाव. जी मुले पुन्हा शाळेत आलीच नाहीत, त्यांची नोंद दुसऱ्या कोणी केली असती? त्या माणसाने नावांची यादी जपली होती आणि मी ती पाने उलटून गेलो होतो.

मी पुन्हा सविस्तर लिहिले, आधीच्या चुकीच्या कबुलीसह. गुरुजींचे उत्तर आले. त्यात पुस्तकातील मुद्रणदोषांची यादी होती, ‘आपण आता बारकाईने वाचले आहे म्हणून’ अशा टिपेसह. मला मिळालेल्या शिक्षांमध्ये ही सर्वांत सौम्य आणि सर्वांत परिणामकारक होय.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो. स्वतःपुरते पुस्तक चाळण्याचा अधिकार प्रत्येक वाचकाला आहे. पण चाळलेल्या पुस्तकावर चारचौघांत निवाडा देण्याचा अधिकार कोणालाच नाही. मत द्यायचे असेल, तर रुक्ष पानांसह सारे वाचले पाहिजे.

हा नियम आपल्याला, म्हणजे विचारांची मांडणी करणाऱ्या कार्यकर्त्यांना, अधिक काटेकोरपणे लागू आहे. आपल्या आवडत्या ग्रंथांवर कोणी न वाचता टीका केली की आपण संतापतो, आणि ते योग्यच आहे. पण ज्यांच्याशी आपले मतभेद आहेत, त्यांचे ग्रंथ आपल्यापैकी किती जणांनी मुळातून वाचले आहेत? की कोणीतरी काढून दिलेल्या उताऱ्यांवर आणि भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या चार ओळींवर आपले भागते?

चाळिशीत मी ‘गीतारहस्य’ पुन्हा उघडले. या वेळी चौदाव्या प्रकरणापासून, ‘गीताध्यायसंगती’पासून सुरुवात केली आणि मग मागे आलो. तेव्हा चौथ्या प्रकरणाचे मर्म उमगले. जी मते लोकमान्यांना खोडायची होती, ती त्यांनी आधी नीट अभ्यासली आणि त्यांच्या संपूर्ण बळानिशी वाचकासमोर मांडली. कारावासात, प्रकृती साथ देत नसताना, त्यांनी प्रतिपक्षाचे ग्रंथ नुसते चाळले नाहीत. ज्या पानांना मी कंटाळून पुस्तक मिटले होते, तीच पाने त्यांच्या बौद्धिक प्रामाणिकपणाची साक्ष होती.

तेव्हा चाळण जरूर वापरा. आयुष्य थोडे आणि पुस्तके फार आहेत. मात्र चाळून झाल्यावर खाली काय सांडले, हे एकदा वाकून पाहत जा. तिथे कदाचित कुणा गुरुजींची यादी पडलेली असेल.