चालणाऱ्याचा रस्ता
(कुरुंदवाड येथे प्रौढवर्गापुढे केलेले भाषण)



आज मी रस्त्याविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, रस्त्याविषयी काय बोलायचे? रोज तर त्यावरून जातो. पण आधी माझ्या घरातली गोष्ट ऐका.

माझी आई सत्तरीची आहे. भाजी आणायला ती जन्मभर पायीच बाजारात गेली. एके दिवशी मात्र रिकामी पिशवी घेऊन परत आली. पुढून उसाची ट्रॉली, मागून मोटारसायकल आणि कडेला उभ्या केलेल्या गाड्या. बिचारी भिंतीला चिकटून उभी राहिली होती. म्हणाली, "आता मी काय बाजाराला जायची न्हाई बाबा. पाय धड हाईत, पर ठेवायचे कुठं?"

तेव्हापासून भाजी मी आणतो, मोटारसायकलवरून. आता हिशेब करा. चालणारे एक माणूस कमी झाले आणि गर्दीत एक गाडी वाढली. पोरीला शाळेत सायकलवर पाठवायची भीती वाटते, म्हणून बाप तिला गाडीवर सोडतो. आणखी एक गाडी वाढली. गर्दीला भिऊन आपण गाडी काढतो आणि त्या गाडीने गर्दी आणखी वाढते.

आपले गाव जुने, संस्थानी. पटवर्धनांच्या काळात रस्ते पडले ते माणसांसाठी, घोड्यांसाठी आणि बैलगाड्यांसाठी. १९४८ साली संस्थान विलीन झाले. वाहने वाढली, पण पेठेतले रस्ते काही वाढले नाहीत. हंगामात शिरोळच्या कारखान्याकडे ऊस जातो. पौर्णिमेला आणि दत्तजयंतीला पंचगंगेपलीकडे नरसोबाच्या वाडीला माणसांचा पूर लोटतो. मग गाड्या तुंबतात.

यावर कोणी म्हणतो, "रस्ता रुंद करा." पण दोन्ही बाजूंना घरे आहेत, दुकाने आहेत. ती पाडणार कोण? आणि पाडली तरी काय होईल? रस्ता मोकळा दिसला की आजवर गाडी न काढणाराही गाडी काढतो. दोन-चार वर्षांत पुन्हा तोच घोळ. मोठमोठ्या शहरांनी हा अनुभव घेतला आहे.

मग दुसरा हिशेब मांडू या. रस्त्यावरून गाड्या किती गेल्या ते मोजू नका. माणसे किती गेली ते मोजा. साडेतीन मीटर, म्हणजे सुमारे साडेअकरा फूट रुंदीचा पट्टा घ्या. वाहतुकीचे जाणकार सांगतात की, शहरात त्यावरून तासाला मोटारींतून सुमारे २,००० माणसे जातात. सायकलींवरून सुमारे १४,००० जातात आणि पायी सुमारे १९,०००. रस्ता तेवढाच, पण माणसे किती जास्त!

आता तुम्ही म्हणाल, "ऊस काय सायकलवर न्यायचा? आजाऱ्याला काय चालवत न्यायचे?" नाही हो! ट्रॉलीला रस्ता हवा, दवाखान्याच्या गाडीला तर आधी हवा. पण ज्याला अर्ध्या मैलावर जायचे आहे, त्याला निर्धास्त चालता आले, तर तेवढा रस्ता त्यांनाच मोकळा होईल, नाही का?

पण "चाला, चाला" असा नुसता उपदेश करून कोणी चालत नाही. त्याला पैसा खर्च करावा लागतो. सलग पदपथ हवा. त्यावर दिवे हवेत, सावलीला झाडे हवीत. शाळेपाशी गाड्यांचा वेग कमी करणारे उंचवटे हवेत. सायकल लावायला जागा हवी. रस्ते रुंद करायच्या मानाने हे काम स्वस्त आहे. मात्र ते सलग हवे. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. तिथे पुढे सायकलसाठी वेगळे पट्टे केले, पण ते तुटक राहिले. कुठे मध्येच खांब, कुठे उभ्या गाड्या. अशा पट्ट्यावरून जाणार कोण?

आणि पदपथ करायचा म्हणजे भाजीवालीला हाकलायचे, असेही नाही. तिच्याही पोटाचा प्रश्न आहे. फेरीवाल्यांना जागा ठरवून द्यावी, असे २०१४ चा कायदा सांगतो.

परदेशात काय झाले ते पाहा. हॉलंडात १९७१ साली रस्त्यावरच्या अपघातांत तीन हजारांहून जास्त माणसे मेली. त्यांत चारशेहून जास्त मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले. "आमची मुले मारू नका," म्हणाले. सरकारला ऐकावे लागले. पुढे सायकलींसाठी रस्ते झाले. आज तिथे चार फेऱ्यांतली एक फेरी सायकलवर होते. श्रीमंत देश आहे तो! सायकल ही काही गरिबीची खूण नाही.

आपल्याच देशातले सांगतो. तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा जिल्हा आहे. १९९१-९२ च्या सुमारास तिथे साक्षरतेची मोहीम चालली. अक्षरांबरोबर बायकांना सायकलही शिकवली. लोक हसले, टोमणे मारले. पण हजारो बायका शिकल्या. पाण्याला, बाजाराला, कामाला स्वतःच्या स्वतः जाऊ लागल्या. बसची वाट बघणे संपले.

आता आपण काय करायचे? तुम्ही वाचायला शिकला आहात, त्याचा इथे उपयोग करा. १ एप्रिलला सरकारी वर्ष सुरू होते. त्याआधी नगरपालिका वर्षाचा जमाखर्च ठरवते. तो कागद मागा. रस्त्यांवर किती आणि पदपथावर किती, ते बोट ठेवून वाचा. कागद मिळाला नाही, तर २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने दहा रुपये भरून अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही माफ आहेत. आणि पदपथ मागताना भीक मागतो आहोत, असे समजू नका. मोकळा पदपथ हा माणसाच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले आहे.

पहिला अर्ज आज इथेच लिहू या. बाजारपेठेपासून शाळेपर्यंत सलग पदपथ मिळावा, एवढेच लिहायचे. खाली सगळ्यांनी सही करायची. आता अंगठा नाही हं, सही! माझी आई शेवटच्या बाकावर बसली आहे. पहिली सही ती करणार आहे.