अलेक्झांडरचा मृत्यू : साक्षीदारांची उलटतपासणी



इ.स.पू. ३२३ च्या जून महिन्यात बॅबिलॉन येथे अलेक्झांडर मरण पावला. त्याला तेहतिसावे वर्ष चालू होते. वारस ठरलेला नव्हता. ग्रीसपासून पंजाबपर्यंत पसरलेले राज्य कोणाच्या हाती पडणार, हे कोणासही सांगता येत नव्हते. अशा मृत्यूभोवती संशय उठला नसता तरच नवल! तो तापाने मेला की विषाने, हा वाद तेव्हापासून चालू आहे. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. आमच्या शास्त्रात एखादा आकडा हाती आला की तो कोणी गोळा केला, केव्हा केला आणि त्यात त्याचा लाभ काय, हे आधी विचारावे लागते. तीच रीत येथे लावून पाहू.

ज्या ग्रंथांवर आपली मदार आहे ते घटनेनंतर सुमारे तीनशे ते साडेचारशे वर्षांनी, आज लुप्त झालेल्या पुस्तकांच्या आधारे लिहिले गेले. डायोडोरस सांगतो की, मीडिअस नावाच्या मित्राच्या मेजवानीत राजाने मद्याचा प्रचंड चषक रिचविला आणि कोणी घाव घालावा तसा तो ओरडला. प्लुटार्क असल्या कथा धुडकावून लावतो; काही लेखकांना नाटकाला साजेसा शेवट हवा होता, एवढेच त्याचे म्हणणे.

विषाची कथा अधिक गंभीर आहे. मॅसिडोनियाचा कारभारी अँटिपेटर याला पदावरून दूर करण्याचे राजाने ठरविले होते. म्हणून त्याचा मुलगा कॅसँडर याने विष आणले, धाकटा मुलगा आयोलास राजाचा चषकवाहक होता त्याने ते पाजले, आणि यामागे बुद्धी कोणाची, तर ॲरिस्टॉटलची! विष इतके जहाल की खेचराच्या खुराखेरीज कोणत्याच भांड्यात ते टिकेना. एरियन ही कथा देतो, पण ती आपल्याला ठाऊक आहे एवढे दाखविण्यापुरतीच.

ही वदंता उठली केव्हा? प्लुटार्कच्या मते मृत्यूसमयी कोणालाही विषाचा संशय आला नव्हता. तो काही वर्षे लोटल्यावर पुढे आला. इ.स.पू. ३१७ मध्ये मॅसिडोनियात अलेक्झांडरची आई ऑलिम्पिआस हिच्या हाती सत्ता आली. तिने आयोलासचे थडगे उद्ध्वस्त केले, कॅसँडरच्या एका भावाला आणि त्याच्या पक्षाच्या शंभर प्रमुख माणसांना ठार करविले. तोवर कोणत्याही न्यायासनापुढे न आलेला आरोप एवढ्या माणसांना पुरला.

तरीही निकालाची घाई करू नये. डायोडोरस व कर्टिअस म्हणतात की, अँटिपेटर आणि कॅसँडर यांच्या धाकामुळे ही गोष्ट लिहिण्याची कोणाची छाती झाली नाही. अफवा सत्तेच्या झगड्यात वाढते हे खरे. पण मौनही सत्तेच्याच पोटी जन्मते.

तापाच्या बाजूने उभी आहे ती राजदरबारची रोजनिशी. रोजचा ताप, स्नान, यज्ञ, आरमारी मोहिमेच्या आज्ञा, मग वाचा जाणे, आणि मूक राजासमोरून एकेक करून जाणारे शिपाई. वर्णन विश्वसनीय वाटते. मात्र एरियन आणि प्लुटार्क या दोघांनी तिच्यातून दिलेले तपशील एकमेकांशी पुरते जुळत नाहीत. तिच्या लेखकांत गणला जाणारा युमेनिस पुढच्या सत्तासंघर्षातला एक सेनापती होता. शिवाय तिच्यात सेरापिस देवाचे मंदिर येते, आणि त्या देवाचा उत्कर्ष झाला तो पुढे टॉलेमीच्या इजिप्तमध्ये. हा टॉलेमी एरियनच्या दोन मुख्य आधारांपैकी एक. त्याच्यावर विश्वास का, तर तो राजा होता आणि राजाला खोटे बोलणे अधिक लाजिरवाणे! एरियनसारख्या साक्षेपी माणसाने हे लिहावे, याचे मला आजही हसू येते.

ज्याला या वाटणीतून काही मिळायचे नव्हते असा साक्षीदार एकच. बॅबिलॉनचे पुरोहित-ज्योतिषी मातीच्या विटांवर ग्रहांची स्थिती, युफ्रेटिसचे पाणी, आणि एका शेकेल चांदीला मिळणारे जव व खजूर यांच्या नोंदी ठेवीत. त्यांतल्या एका फुटक्या विटेवर महिन्याच्या एकोणतिसाव्या तिथीला राजा मरण पावल्याची व आकाश ढगाळ असल्याची नोंद आहे. ही तिथी म्हणजे ११ जून. दिवसाचा वाद तिने जवळजवळ मिटविला. कारण ती देत नाही. दहा-बारा दिवस चढत गेलेला ताप पाहता मला आजाराचेच पारडे जड वाटते. हिवताप की विषमज्वर, हे सांगणाऱ्या आधुनिक वैद्यांनाही त्याच रोजनिशीच्या उताऱ्यांवर विसंबावे लागते.